त्वचा आणि सांधे : एका औषधाचा इतिहास

त्वचेचे विकार आणि सांध्यांचे विकार ही वैद्यकाची दोन स्वतंत्र दालने मानली जातात. रुग्णाच्या देहात मात्र अशी भिंत नसते. सोरायसिस या विकारात त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे उठतात आणि काही रुग्णांचे सांधेही सुजतात. आलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने हा संबंध १८१८ मध्ये नमूद केला होता. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रक्रिया असावी, हा विचार रुजण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचे स्वरूप मेथोट्रेक्सेट या औषधाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

या औषधाचा उगम कर्करोगाच्या चिकित्सेत आहे. पेशींच्या विभाजनास फॉलिक अम्ल हे जीवनसत्त्व आवश्यक असते. रचनेने त्याच्यासारखी, परंतु त्याच्या कार्यास अडथळा करणारी द्रव्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाली. तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. अमिनोप्टेरिन हे त्यांपैकीच एक द्रव्य होय. बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने पीडित १६ बालकांना दिले असता १० बालकांत रोग काही काळ मागे हटला. हा वृत्तान्त १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले.

पुढे १९५१ मध्ये गुबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच द्रव्य संधिशोथाच्या रुग्णांवर वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. सांध्यांची सूज उतरलीच. शिवाय ज्यास सोरायसिसही होता त्याच्या अंगावरील चट्टेही झपाट्याने निवळले. एकाच औषधाने एकाच देहातील दोन्ही व्याधी शमल्या, ही घटना अर्थपूर्ण होती. परंतु संधिरोगतज्ज्ञांचे लक्ष त्या वेळी अन्यत्र होते. कॉर्टिझोनच्या विस्मयकारक परिणामांबद्दल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० मध्येच नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्या प्रभेत कर्करोगावरील एका विषारी द्रव्याची दखल कोण घेणार? ही भीती अगदीच निराधार होती असेही नव्हे; यकृत व अस्थिमज्जा यांना या औषधांपासून खरोखरच धोका असतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र तो धागा सोडला नाही. एडमंडसन आणि गाय यांनी १९५८ मध्ये अमिनोप्टेरिनचे सजातीय द्रव्य मेथोट्रेक्सेट याचा सोरायसिसवरील उपयोग वर्णिला. पुढे असे दिसून आले की, निरोगी बाह्यत्वचेच्या पेशींना तळापासून पृष्ठभागी येण्यास सुमारे चार आठवडे लागतात, तर सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. मेथोट्रेक्सेट ही बेसुमार वाढ थांबवते, असा अर्थ सहजच लावला गेला. तो सुबोध होता, पण अपुरा होता. कारण त्याने सुजलेल्या सांध्याचा उलगडा होत नव्हता.

१९७९ मध्ये या समजुतीला धक्का बसला. अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध संधिविकाराच्या रुग्णांना देऊन पाहत असताना म्युलर व हेरमान यांना सोरायसिसचे चट्टे निवळलेले आढळले. या औषधाचा मुख्य रोख लिम्फोसाइट या संरक्षक पेशींवर असतो. तेव्हा त्वचेची वाढ हे रोगाचे मूळ नसून प्रतिकारयंत्रणेच्या क्षोभाचा तो परिणाम असावा, हा विचार बळावला. आणि तोच क्षोभ सांध्यातही असतो.

संधिरोगतज्ज्ञही अखेरीस मेथोट्रेक्सेटकडे वळले. आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत दिल्यास त्याचा लाभ होतो, हे १९८५ मध्ये नियंत्रित चाचण्यांनी दाखविले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवाताभ संधिशोथावर त्यास शासकीय मान्यता मिळाली. गुबनर यांच्या निवेदनानंतर मध्ये ३७ वर्षे लोटली होती. त्या काळात सुवर्णक्षारांची इंजेक्शने घेऊनही ज्यांच्या बोटांचे सांधे कायमचे वाकले, त्यांची गणना कोठेही झालेली नाही.

या विलंबाचा दोष एखाद्या व्यक्तीवर ठेवता येत नाही. पुरावा १९५१ मध्येच छापून आला होता. परंतु तो एकाच रुग्णाच्या त्वचेत आणि सांध्यांत विभागलेला होता, आणि त्याचे वाचकही तसेच विभागलेले होते.