सहा वाजले, पण रांग संपली नाही. मतदान करता येतं का?

हो. फुलसावंगी (ता. महागाव) उमरखेड विधानसभा मतदारसंघात येते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी इथे मतदानाची वेळ सायंकाळी ६ पर्यंत होती. पण १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार वेळ संपण्याआधी केंद्रावर पोहोचलेल्या प्रत्येकाला मत देता येतं.

त्यासाठी मतदान केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. वाटप रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरू होतं, त्यामुळे नंतर कुणाला मागे उभं राहता येत नाही. रात्र झाली तरी शेवटच्या चिठ्ठीपर्यंत मतदान चालतं.

या निवडणुकीत सहानंतर झालेल्या मतदानावर आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली.

कापूस वेचून संध्याकाळी येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सहाच्या आत रांगेत लागा, चिठ्ठी घ्या आणि मत दिल्याशिवाय परतू नका.