पनवेल बंदर, 1679

सुकापूरच्या माथेरान रस्त्यावर तुम्ही उभे आहात. डोळ्यांसमोरून इमारती, रिक्षा, दुकानं पुसून टाका. प्रबळगड तेवढा जागच्या जागी राहू द्या. साल 1679. पावसाळा सरलाय, भाताची कापणी सुरू आहे. गाढी नदीच्या काठाकाठाने तुम्ही पनवेल बंदराकडे चालू लागता.

मुलूख स्वराज्याचा आहे. पुरंदरच्या तहात गेलेला कर्नाळा 1670 मध्ये परत आलाय. बंदरावर मात्र आज पाय ठेवायला जागा नाही. कल्याण-भिवंडीकडून आलेल्या फौजेला ठाण्यावरून मुंबई गाठायची होती, पण पोर्तुगीजांनी वाट नाकारली. म्हणून ती इथे शिबाडांत, म्हणजे मालवाहू गलबतांत, चढणार आहे. ओहोटी लागलीय, शिबाडं चिखलात कलंडलीत. एक तांडेल फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबून वर राळ फासतोय.

“काका, मुंबईवर कशासाठी?” तुम्ही विचारता.

“जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळाभर इंग्रजांच्या माझगावात राहतं,” तो मान वर न करता म्हणतो. “पाऊस थांबला की तेच येऊन आमची गावं जाळतं. असला कसला शेजार?”

खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याचा डोंगर दिसतोय, त्याच्या पल्याड मुंबई. दोन राज्यांत फरक केवढा! तिकडे वर्षाला 10 पौंड भाड्याने 1668 मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेली दलदलीची बेटं, मूठभर शिपाई आणि गोऱ्यांना सोसत नाही अशी हवा. इकडे भातखाचरं, जंगलं, गड. मुंबईची चूल पेटते ती याच किनाऱ्यावरच्या लाकडावर आणि तिथे शिजतं तेही इथलंच धान्य. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता, तहही झाला. पण पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी विजापूरच्या सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या होत्या, हे महाराज विसरलेले नाहीत. त्यापायी 1661 मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि वखारवाले कैदेत पडले.

म्हणूनच महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी बेट धरलंय. मायनाक भंडारीची माणसं तोफांच्या माऱ्याखाली तट उभारतायत. ऑक्टोबरात मराठ्यांच्या चपळ होड्यांनी इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज पकडलं. ‘रिव्हेंज’ने मात्र एकटीने झुंज देऊन त्यांना मागे रेटलं. तरी रात्रीच्या अंधारात खांदेरीला रसद पोचतेच.

भरती चढते, शिबाडं तरंगू लागतात. त्यांची खबर लागताच मुंबई हादरते. तिथल्या अधिकाऱ्यांना लढायचंय, पण सुरतेच्या वरिष्ठांना व्यापार बुडण्याची धास्ती आहे. 1680 च्या सुरुवातीला इंग्रज माघार घेतात, समझोता होतो. खांदेरी स्वराज्यातच राहते.

महाराजांनी इंग्रजांशी व्यापार तोडला नाही आणि ते त्यांच्या गोड बोलण्यावर विसंबूनही राहिले नाहीत. शेजारी आपल्याकडून काय विकत घेतो यापेक्षा आपल्या वैऱ्याला कुठे थारा देतो, हे त्यांनी पाहिलं. शेजार ओळखण्याची ही कसोटी आजही खरी आहे. 2025 मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली. सुकापूरकरांनो, मुलांना ती दाखवायला न्याल तेव्हा पनवेल बंदरातल्या या शिबाडांबद्दलही सांगा.