झाडपाला व तीर्थजलाचे लोकोपचार (पांढुर्णा–सौंसर)
मध्य प्रदेशातील या मराठीभाषक पट्ट्यात रूढ असलेले घरगुती व देवस्थानी उपचार. हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

सौंसरजवळ जाम सावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची मूर्ती आहे. तिच्या नाभीतून झिरपणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. बाहेरची बाधा समजून आणलेले मनोरुग्ण नातेवाइकांसह इथे मुक्काम करतात. थकलेल्या घरांना त्याचा मोठा आधार वाटतो. पण तीर्थापायी चालू औषधे बंद करणे घातकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार (एकमेकांवर दगडफेकीचा खेळ) होते, तेव्हा जखमी खेळाडू चंडीमातेच्या मंदिरातील अंगारा जखमेला लावतात.

शेतात विळा लागला, तर कंबरमोडीचा पाला तळहातावर चोळून त्याचा हिरवा रस जखमेवर पिळतात आणि चोथा वरून दाबून चिंधी बांधतात. मातीतल्या खोल जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र घ्यावेच लागते. बांधाबांधावर उगवणारी ही कंबरमोडी मूळची अमेरिका खंडातील आहे.