जिल्हा क्रीडांगण आणि फुटबॉलच्या विकासाच्या शक्यता : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात क्रीडाविकासाचा विचार प्रामुख्याने वास्तूंच्या भाषेत झाला. विभागीय, जिल्हा व तालुका क्रीडा संकुलांची योजना हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०२२ मध्ये राज्य शासनाने जिल्हा क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा ८ कोटींवरून २५ कोटी रुपयांपर्यंत वाढविली. निधीचा प्रश्न काही अंशी सुटत असताना या निधीतून नेमके काय उभे करावयाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. धाराशिव येथील श्री तुळजाभवानी क्रीडा संकुल फुटबॉलचे प्रादेशिक केंद्र होऊ शकेल काय, याचा इतिहासाच्या आधारे विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

हैदराबाद संस्थानाचा वारसा

धाराशिव, म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा, १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत व त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हा काळ क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकाविले.

म्हणजे भारतीय फुटबॉलच्या वैभवकाळातील एक प्रमुख केंद्र ज्या राज्याच्या राजधानीत होते, त्याच राज्याचा उस्मानाबाद हा जिल्हा होता. असे असूनही या परंपरेचा ठसा जिल्ह्याच्या क्रीडाजीवनावर उमटलेला दिसत नाही. हैदराबादचा फुटबॉल पोलीस दल, शहरी वस्त्या आणि राजधानीतील मैदाने यांच्या आधाराने वाढला. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांत त्याला असा आधार मिळाला नाही. राजकीय सीमा एक असली तरी खेळ आपोआप पसरत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

कोल्हापूरचा अनुभव

महाराष्ट्रात फुटबॉल लोकजीवनात मुरलेला पाहावयाचा असेल तर कोल्हापूरकडे वळावे लागते. तेथे कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमी हळूहळू फुटबॉलच्याही आश्रयस्थान बनल्या. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावेच या परिवर्तनाची साक्ष देतात. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने या संघांना स्पर्धांची शिस्त दिली. राजर्षी शाहू स्टेडियमवरील साखळी सामने ही आज पेठापेठांच्या अस्मितेची बाब आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहराचा.

येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी तालमी, मग संघ, त्यानंतर संघटना आणि शेवटी प्रेक्षकांनी भरलेले स्टेडियम असा हा प्रवास आहे. अर्थात या पेठनिष्ठेची दुसरी बाजूही आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामन्यांना गालबोट लागल्याचे प्रसंग कोल्हापूरकरांना अपरिचित नाहीत. तरीही रिकाम्या गॅलरीपेक्षा भरलेल्या गॅलरीला शिस्त लावणे सोपे, असेच म्हणावे लागेल.

धाराशिवचे क्रीडाबळ

धाराशिव हा क्रीडादृष्ट्या मागासलेला जिल्हा आहे, असे मात्र समजू नये. खो-खोमध्ये या जिल्ह्याने देशाला दर्जेदार खेळाडू दिले. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही याच जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तुळजाभवानी स्टेडियमवर नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद खो-खो स्पर्धा आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली. मोठी स्पर्धा भरविण्याची क्षमता व प्रेक्षकांचा प्रतिसाद या दोन्ही गोष्टी येथे आहेत.

खो-खोचे हे यश भव्य वास्तूतून आलेले नाही. जिद्दी प्रशिक्षक, रोजचा सराव आणि शालेय स्तरापासूनची सलग स्पर्धा यांतून ते आले. या खेळाला सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद एवढी जागा पुरते. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानाला त्याच्या सोळा पटींहून अधिक जागा लागते. म्हणून फुटबॉलसाठी मैदान आखताना ज्या खेळाने जिल्ह्याला नाव दिले त्याची जागा हिरावली जाणार नाही, ही दक्षता प्रथम घेतली पाहिजे.

पाण्याचा प्रश्न

अवर्षणप्रवण जिल्ह्यात हिरवळीचे मैदान हा केवळ तांत्रिक विषय राहत नाही. ७,१४० चौरस मीटरच्या मैदानाला उन्हाळ्यात दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविल्यास सुमारे ३५,७०० लिटर पाणी लागेल. ग्रामीण भागासाठीच्या दरडोई ५५ लिटर या निकषाने हे सुमारे ६५० माणसांचे एका दिवसाचे पाणी होय. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरतात, तेथे हा हिशेब डोळ्यांआड करता येणार नाही. कृत्रिम हिरवळीने पाणी वाचते. परंतु ती उन्हात तापते आणि काही वर्षांनी मोठ्या खर्चाने बदलावी लागते. त्यापेक्षा पावसाळ्यात वाढलेल्या गवतावर ऑक्टोबरपासून हंगाम घेणे, उन्हाळ्यात मैदानास विश्रांती देणे आणि सिंचनासाठी केवळ प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, हा मार्ग या भूमीस अधिक मानवणारा आहे.

विकासाची दिशा

१५ सप्टेंबर २०१७ रोजी विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभर शाळा-महाविद्यालयांत फुटबॉलचा उपक्रम राबविण्यात आला. अशा उपक्रमातून खेळाची ओळख होते. परंपरा निर्माण होण्यासाठी दरवर्षीचे वेळापत्रक लागते. कोल्हापुरात जे कार्य तालमींनी केले, ते धाराशिवमध्ये महाविद्यालये करू शकतील. जिल्ह्यात आठ तालुके आहेत : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी. प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयांनी मिळून एक संघ उभा केल्यास एकेरी साखळीत २८ सामने होतात. दर शनिवार-रविवारी प्रत्येकी दोन सामने घेतल्यास सात आठवड्यांत ही साखळी एकाच मैदानावर पूर्ण होऊ शकते. मुलींची स्वतंत्र साखळी पहिल्याच वर्षापासून असावी. कारण या जिल्ह्याच्या क्रीडाकीर्तीत मुलींचा वाटा मोठा आहे. संघांचा प्रवास व भोजनखर्च हीच या योजनेची मुख्य गरज राहील आणि ती गॅलरीच्या बांधकामखर्चापुढे अल्प आहे.

समारोप

हैदराबादचा वारसा जवळ असूनही तो या जिल्ह्यात रुजला नाही, कारण त्याला धरून ठेवणाऱ्या स्थानिक संस्था नव्हत्या. कोल्हापुरात त्या होत्या, म्हणून तेथे स्टेडियम जिवंत राहिले. धाराशिवच्या क्रीडांगणाची विकासक्षमता आसनसंख्येवर मोजता येणार नाही. वर्षातील किती दिवस तेथे खेळ होतो, यावर ती मोजावी लागेल. प्रथम साखळी, मग मैदानाची सुधारणा आणि प्रेक्षक वाढू लागल्यावर गॅलरी, हा क्रम स्वीकारल्यास अल्प निधीतही फुटबॉल येथे मूळ धरू शकेल. हा क्रम उलटा झाल्यास जिल्ह्याला आणखी एक वास्तू मिळेल, खेळाडू मिळतीलच असे नाही. या कामाचा प्रारंभ शासनाच्या आदेशाची वाट न पाहता महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांना करता येण्याजोगा आहे.