तारण आणि आशा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा आष्टी तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. शिवेपलीकडे नगर जिल्ह्यांत 1947 पर्यंत इंग्रजी अंमल. सरकारें दोन, पण बोली, बाजार आणि अवर्षण एकच. या तालुक्यांतील वाहिरा हें संत शेख महंमदांचें गांव मानलें जातें. मुसलमान कुळांत जन्मलेल्या या सत्पुरुषांनीं सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ ओवींत रचिला आणि वारकऱ्यांनीं त्यांना आपल्या संतमालिकेंत बसविलें. त्याच शतकाच्या आरंभीं, 1616 सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. तेंही ओवींतच, आणि त्यांत स्वर्गाचें नांव वैकुंठ. दूरची श्रद्धा महाराष्ट्राच्या कानीं घालावयाची तर ती ओवीच्या चालीनें घालावी लागते, हें त्या परदेशी पाद्र्यालाही उमगलें होतें.

1831 सालीं अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला (आतांच्या अहिल्यानगरला) आले, तेव्हां त्यांना हें उमगण्यास वेळ लागला. अडचण केवळ छंदाची नव्हती, शब्दांची होती. त्यांच्या उपदेशाचें सार दोन शब्दांत येई: तारण आणि आशा. ‘तारण’ म्हणतांच या कोरडवाहू मुलखांतील कुणब्याच्या डोळ्यांपुढें सावकाराची वही उभी राहावी. शेत तारण, बैल तारण, घरधनिणीच्या पाटल्या तारण. वस्तुतः बुडत्याला पैलतीरीं नेणें हा तारण्याचा अर्थ. पण गहाणाचा अर्थही येथें अगदींच गैरलागू नव्हता. ख्रिस्ती मत असें कीं, माणसाच्या पापाचें ऋण त्याच्या पुण्याईनें फिटणारें नाहीं. येशूनें क्रूसावर प्राण देऊन तें फेडलें, आणि तें विश्वासानें स्वीकारावें एवढेंच माणसाकडे उरलें. कर्जांत जन्मून कर्जांत मरणाऱ्याला हें समजावण्यास शास्त्री लागत नव्हता.

‘आशा’ मात्र अवघड. संतांच्या वाणींत आशा हें बंधन; साधकानें प्रथम टाकावयाची ती हीच. आणि हे उपदेशक तिला विश्वास व प्रीति यांच्या पंक्तीस बसवीत! त्यांची आशा म्हणजे वासना नव्हे, वचन. जो मेला तो तिसऱ्या दिवशीं उठला. म्हणून त्याच्यावर भरंवसा ठेवणारांचाही मृत्यु शेवटचा नाहीं, ही खात्री. जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका म्हणजे मोक्ष, असें मानणाऱ्या मनाला पुन्हा उठण्याची ही ओढ चमत्कारिकच वाटली असली पाहिजे.

या आशेला मराठी गळा दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं. कोंकणांतला हा ब्राह्मण कवि 1893 सालीं आगगाडींतून जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं बायबल ठेविलें. येशूच्या डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें चित्त वेधलें, आणि 1895 च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत ते शिकवूं लागले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांच्या अभंगांतून व कीर्तनांतून ख्रिस्त टाळ-वीणेसह बोलूं लागला.

ख्रिस्ती होणारे पोटासाठीं होतात, असा त्या काळीं सरसकट आक्षेप असे. 1899-1900 च्या दुष्काळांत तसेही कांहीं झाले असतील. उपाशी माणसाच्या हेतूची फार चिकित्सा करणें शोभत नाहीं. टिळकांच्या बाबतींत मात्र हिशेब उलटा होता: मिळालें त्याहून गेलें अधिक. आणि तें एकट्यांचें गेलें नाहीं. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांना काडीचीही कल्पना न देतां ते धर्मांतर करून बसले. चरित्रकार कवीच्या धैर्याचें वर्णन करतात. पण त्या धैर्याची किंमत माहेरच्यांच्या आश्रयानें दिवस काढणाऱ्या त्या बाईनें भरली, हें विसरून चालणार नाहीं. तारण विनामूल्य खरें. घरांत त्याचें मोल पडलें.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या सोवळें संभाळूनच. पतीनें त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. आधीं त्यांच्या मनांतील जातिभेदाची अढी सुटली. हे भेद देवानें केले कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांनीं स्वतःलाच विचारला. बाप्तिस्मा नंतर, 1900 सालीं, राहुरीस. पुस्तकी वादानें ही बाई जिंकली गेली नाहीं. तिनें आपल्या पायांनीं वाट चालून पाहिली. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्याला हें पदोपदीं दिसतें.

टिळक 1919 च्या मे महिन्याच्या 9 तारखेस मुंबईस वारले. ख्रिस्ती समाजांत पुरण्याचा रिवाज. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें दहन झालें आणि रक्षा नगरला आणली गेली. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यानें चितेचें भय कां बाळगावें? मागें ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. शाळेची पायरीही न चढलेल्या, नवऱ्याकडून अक्षरें शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें घेतलें, आणि ओवीमागून ओवी लिहीत त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचिले.