मुंबई इंग्रजांना खरंच ‘हुंड्यात’ मिळाली होती का?

दादरमध्ये ‘पोर्तुगीज चर्च’ कुणालाही विचारा, लगेच रस्ता सांगतील. चर्चची आजची इमारत नवी असली, तरी मूळ चर्च १५९६ चं. तेव्हा मुंबईच्या बेटांवर पोर्तुगिजांची सत्ता होती. मग ती इंग्रजांकडे कशी गेली? ‘राजकन्येच्या हुंड्यात’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

करारात काय होतं?

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. पोर्तुगालने रोख रक्कम, आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई देऊ केली. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध लष्करी मदत कबूल केली. शिवाय एक गुप्त कलम होतं: भारतातल्या पोर्तुगीज ठाण्यांचं डचांपासून रक्षण करायचं.

डचांची एवढी भीती का?

डचांनी १६५६ मध्ये कोलंबो घेतलं होतं आणि आता त्यांची नजर मलबार किनाऱ्यावर होती. पोर्तुगाल मायदेशी स्पेनशी लढत होता. दोन आघाड्या झेपत नसल्याने त्याने तिसऱ्या सत्तेला किनाऱ्यावर जागा दिली.

सौदा फळला का?

नाही. जानेवारी १६६३ मध्ये कोचीही डचांनी जिंकलं. इंग्रजांचं आरमार १६६२ मध्येच मुंबईत आलं होतं, पण गोव्याचा व्हाइसरॉय अँटोनियो द मेलो द कास्त्रो ताबा द्यायला तयार नव्हता. इंग्रज इथे रुजले तर पोर्तुगिजांचं काही खरं नाही, हे त्याने ओळखलं होतं. अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले. शिपमनसह बहुतेकजण तिथेच मेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकला मुंबई मिळाली. माहीम करारात नाही, असं पोर्तुगीज म्हणत राहिले. कुकने तेही घेतलं.

पुढे काय झालं?

१६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. १७७४ मध्ये कंपनीने मराठ्यांकडून साष्टी हिसकावली. डचांना रोखायला बोलावलेला पाहुणा शेवटी घरमालक झाला.