पटकी आणि रक्तांतील क्षार

१८३१ च्या अखेरीस पटकीची सांथ इंग्लंडमधील संडरलंड बंदरांत शिरली, तेव्हां रोग्याची शीर तोडून रक्त काढणें हाच रूढ उपाय होता. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें मात्र तें काळें, दाट रक्त रसायनशास्त्राच्या रीतीनें तपासलें. त्यांतील पाणी, मीठ व सोडा हीं जुलाबांवाटे निघून गेलेलीं आढळलीं. (सोडा घटला कीं रक्त आम्लतेकडे झुकतें, हें ज्ञान मागाहूनचें.) गेलेलें परत द्यावें, असें त्यानें सुचविलें.

१८३२ च्या मे महिन्यांत लीथच्या टॉमस लॅटा यानें तें करून पाहिलें. एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेंत त्यानें क्षारयुक्त पाणी हळूहळू सोडलें. सुमारें सहा पाइंट गेल्यावर खोल गेलेल्या डोळ्यांत तेज आलें, नाडी हातास लागली. तिला रुग्णालयांतील डॉक्टरावर सोंपवून लॅटा निघून गेला. जुलाब पुन्हां सुरू झाले. पाणी पुन्हां कोणीं दिलें नाहीं. साडेपांच तासांत ती दगावली. उणीव उपायांत नव्हती, तो अर्ध्यावर सोडण्यांत होती. सांथ ओसरतांच डॉक्टरमंडळींनीं मात्र उपायच टाकून दिला.

ओशॉनेसी १८३३ मध्यें कलकत्त्यास आला आणि पुढें हिंदुस्थानांत तारायंत्र उभारणारा म्हणून गाजला. त्याच कलकत्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं लिओनार्ड रॉजर्स यानें शिरेंतून मिठाचें तीव्र पाणी देऊन कित्येक रोगी वांचविले. लघवी बंद पडून येणारे मृत्यु टाळण्यासाठीं मागाहून सोडाही देऊं लागला.